रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्या ज्ञातीत जन्मलेल्या ज्या पुरुषास ज्ञातीनेच एकदा दूर लोटले, त्याचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत यावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. ते अवश्य यावे, असे आम्हांस वाटते. आमच्या ह्या छत्रपती संभाजीनगरात मराठी ख्रिस्ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. जवळच जालन्याच्या परिसरात नारायण शेषाद्री ह्यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली होती. ह्या मंडळीच्या उपासनेतील मराठी पदे कानी पडली की आपल्याकडील भजनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ह्या साम्याचे मोठे श्रेय ज्यांना द्यावयास हवे, ते रे. टिळक होत.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पित्याचा स्वभाव कठोर होता आणि मातेचे छत्र लवकर हरपले. नाशिक येथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले, आणि त्या वाचनातून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म सोडणारास ज्ञातीत थारा नसे, असा तो काळ. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे आप्तांच्या आश्रयास राहिल्या. ह्या वियोगाचे दुःख उभयतांनी सोसले. पुढे संसार पुन्हा जुळला आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी. मिशनऱ्यांनी आणलेली पुष्कळ गीते भाषांतरित असत. परक्या चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्वाचे दीर्घ होई, आघात भलतीकडे पडे आणि श्रोत्यास अर्थ लागण्यापूर्वीच पद संपून जाई. एतद्देशीय वृत्तांत व रागांत पदे रचण्याचा उपक्रम कृष्णराव सांगळे आदी मंडळींनी टिळकांपूर्वीच आरंभिला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. टिळकांनी त्यास काव्याची उंची दिली. तुकोबांच्या वाणीतूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून अभंग आणि ओवी ही त्यांना उसनी घ्यावी लागली नाहीत.

कीर्तनाचेही तसेच. आरंभी नमन, पूर्वरंगात एखाद्या पदाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, ही आपल्या हरिदासांची रीत. ख्रिस्ती कीर्तनकाराने हीच बैठक कायम ठेवून उत्तररंगात शुभवर्तमानातील कथा आणिली. जो खेडूत प्रवचनास उठून जाई, तो टाळमृदंगाच्या नादाने बसून राही. ध्रुपद सर्वांनी म्हणावयाचे असल्याने निरक्षरासही उपासनेत वाटा मिळे. ज्ञाती सोडताना टिळकांनी हा ठेवा मागे टाकिला नाही. उलट जे जन्मभर देवळाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्या अस्पृश्य समाजातून आलेल्या बांधवांच्या मुखी तो घातला.

बालकवी ठोंबरे ह्यांस त्यांनी स्वतःच्या घरी आसरा दिला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मिशनची पगारी चाकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा देहान्त झाला.

टिळकांच्या धर्ममताशी आपण सहमत व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपल्या संतांची वाणी ज्याने परक्या मानल्या गेलेल्या मंदिरात सन्मानाने नेली, त्यास परका म्हणणे ही आपली चूक होती, एवढे तरी ज्ञातीने मोकळ्या मनाने कबूल करावे. त्यांच्या स्मृतीस हेच खरे वंदन होईल.