पंडिता रमाबाई : 'कृपासदना'पर्यंतचा जीवनप्रवास

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रामुख्याने दोन संदर्भांत येते. १८८९ साली प्रसिद्ध झालेले अमेरिकेचे प्रवासवर्णन हा पहिला आणि बायबलचे मूळ भाषांवरून केलेले मराठी भाषांतर हा दुसरा. चरित्रपर लेखनाचा भर मात्र बहुधा त्यांच्या धर्मांतरावर आणि त्यातून १८९३ साली पुण्यात उद्भवलेल्या वादावर राहिला आहे. या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट हरवली. केडगाव येथील मुक्तिसदनाच्या आवारात रमाबाईंनी 'कृपासदन' नावाचे एक स्वतंत्र घर उभारले होते. बलात्कार, फसवणूक, विक्री अथवा उपासमारीच्या काळातील लाचारी यांतून ज्यांच्या शरीराचा भोग घेतला गेला होता, अशा स्त्रियांसाठी ते होते. तत्कालीन समाजात या स्त्रियांना 'पतिता' या एकाच शब्दाने ओळखले जाई. पडणारी आणि पाडली गेलेली यांतील भेद त्या शब्दात नव्हता. रमाबाईंच्या आयुष्यातील बऱ्याच घटनांची संगती या घराच्या दिशेने पाहिल्यास अधिक स्पष्टपणे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थाटन करीत असे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अल्पावधीत मृत्यू पावली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी फिरत राहिले. भुकेने माणसाचे काय होते आणि आश्रय नसलेल्या तरुण मुलीकडे रस्ता कसा पाहतो, याचे ज्ञान त्यांना ग्रंथांतून मिळालेले नव्हते. पुढे वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळाने त्यांना घराबाहेर खेचले, त्यावेळी स्वतःच्या त्या दिवसांची आठवणच त्यांना कारणीभूत झाली असे त्यांनी नमूद केले आहे.

१८७८ साली कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक प्रकाशित झाले. हे पुस्तक आज वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यातील निवेदक उपदेशकाच्या उच्चासनावरून बोलतो. स्त्रियांच्या दुःस्थितीचे बरेचसे कारण त्यांच्याच अज्ञानात व आळसात शोधले आहे आणि उपाय म्हणून सद्वर्तन व विद्याभ्यास सांगितला आहे. याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'शी ते ताडून पाहिल्यास दृष्टिकोनातील अंतर विलक्षण वाटते. जिच्यावर अत्याचार झाला आहे अशा स्त्रीला 'स्त्रीधर्मनीती'त जागा नाही. रमाबाई तोपर्यंत तिच्याजवळ पोहोचल्या नव्हत्या.

हा बदल घडविणारा प्रसंग १८८३ साली इंग्लंडमध्ये घडला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे रमाबाई राहत होत्या. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपल्या शाखेत पाठविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जात असे, आणि पूर्वी त्याच घरात आलेल्या काही स्त्रिया आता इतरांची शुश्रूषा करीत होत्या. १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी या भेटीला जे स्थान दिले आहे, त्याकडे मराठी अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. धर्मशास्त्राचे त्यांचे अध्ययन दांडगे होते. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रीला शास्त्राने कोणती दंडव्यवस्था सांगितली आहे, हे त्यांना मुखोद्गत होते. तिला जवळ करून उभे करणारी व्यवस्था मात्र त्यांना कोठे आढळली नव्हती. या स्त्रियांविषयी ख्रिस्ती लोकांना आस्था का वाटावी, असे त्यांनी आपल्या शिक्षिकेस विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराची इतर कारणे होतीच आणि त्यांवर विपुल चर्चा झाली आहे. तथापि ईश्वरशास्त्रातील वादांइतकेच वजन एका आश्रयगृहाच्या दर्शनाला होते, हे ध्यानात घेतल्यास पुढील चरित्राचा उलगडा सोपा होतो.

चेल्टनहॅम येथील अध्यापन आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी केलेला अमेरिका-प्रवास सुपरिचित आहे. १८८७ साली फिलाडेल्फिया येथे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघाले. येथे उपदेशाचा सूर मावळला असून विवाह, वैधव्य व कायदा यांच्या रचनेचे विवेचन आले आहे. रखमाबाईंच्या खटल्याची दखलही त्यात आहे. नांदण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला न्यायालय तुरुंगाची भीती घालू शकते, ही वस्तुस्थिती रमाबाईंनी परदेशी वाचकांपुढे मांडली. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या आर्थिक पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. हा भाग सर्वज्ञात असल्याने येथे विस्तार नको.

शारदासदन प्राधान्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्यांना विद्या द्यावी, म्हणजे त्या स्वावलंबी होतील, अशी ती योजना. १८९५ च्या सुमारास रमाबाई यात्रेकरूच्या वेशात मथुरा-वृंदावनाकडे गेल्या. तीर्थक्षेत्रात एकाकी विधवांचा कसा व्यापार चालतो, हे त्यांनी जवळून पाहिले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सरकारी गरीबखाने व दुष्काळी कामांच्या छावण्या पाहिल्या. भुकेचे वर्णन अनेकांनी केले आहे. रमाबाईंनी त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. जेथे अन्न वाटले जात होते, तेथेच तरुण मुली सुरक्षित नव्हत्या. धान्याच्या बदल्यात शरीर मागणारे लोक व्यवस्थेच्या आत होते, आणि मुलींना फूस लावून नेणारे दलाल फाटकाबाहेर उभे होते. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्यांत जातीची अट राहिली नव्हती आणि राहणे शक्यही नव्हते.

या मुली पुण्यास पोहोचल्या त्यावेळी शहरात प्लेगची साथ होती. नवीन माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केल्याने त्यांना केडगावच्या शेतावर हलविणे भाग पडले. ही जमीन उत्पन्नासाठी फळबाग करावी म्हणून पूर्वीच घेतलेली होती. तेथे तंबू व झोपड्या उभारण्यात आल्या. मुक्तिसदन जन्मास आले ते असे, बहुतांशी सक्तीमुळे.

१८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्राकडे एक पत्र धाडले. सरकारी प्लेग रुग्णालय व विलगीकरण छावणी येथे स्त्रियांची अवस्था काय आहे, हा त्याचा विषय होता. आपल्याकडील एक मुलगी रुग्णालयात नेल्यानंतर परत आली नाही आणि ती तेथील एका पहारेकऱ्याच्या ताब्यात गेल्याचे कळते, असा आरोप त्यात होता. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळून लावले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराची हकिगत सांगितली होती. परत आल्यावर, माहिती देणाऱ्यांपैकी कोणीही उघडपणे पुढे येण्यास तयार नसल्याने, त्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. ही दोन प्रकरणे एकत्र वाचली पाहिजेत. अत्याचार सिद्ध करण्याचे ओझे बोलणाऱ्यावर पडते, आणि जिच्यावर तो झाला ती बोलली तर बदनामी तिचीच होते. (१९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणास्तव, आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले आणि त्यावरील देशव्यापी चळवळीनंतर १९८३ मध्ये कायदा बदलला, तोवर या स्थितीत फारसा फरक पडला नव्हता.) रमाबाई या पत्रात सरकारविरुद्ध उभ्या होत्या, ज्यांच्या देशातून त्यांना निधी येत होता त्यांच्या सहधर्मीयांच्या सरकारविरुद्ध. त्यांना परकीयांच्या हस्तक ठरविणाऱ्या टीकेत या पत्राचा उल्लेख क्वचितच आढळतो.

१८९८ मध्ये मुक्तिसदनाचे विधिवत उद्घाटन झाले आणि पुढील काळात त्याच आवारात कृपासदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दुष्काळातून आलेल्या अनेक स्त्रिया गुप्तरोगांनी पीडित होत्या, काही गर्भवती होत्या, काही मनाने मोडलेल्या. त्यांच्यासाठी प्रथम अन्न, औषध व विश्रांती, मग अक्षरओळख आणि मग हाताला काम, असा क्रम होता. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणी, धुलाई, छापखाना हे सर्व उद्योग आवारातच चालत. शिकलेल्या मुलींवर नव्या आलेल्यांची जबाबदारी सोपविली जाई. फुलहॅममध्ये पाहिलेली रीत येथे भारतीय जमिनीत रुजलेली दिसते.

महाराष्ट्रात या कार्याला पूर्वपरंपरा होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेथे फसलेल्या विधवेने गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे अशी सोय होती. गुप्तता हेच तिचे संरक्षण होते, कारण तिला त्याच समाजात परतायचे होते. रमाबाईंच्या घरातून परतण्याची अपेक्षा नव्हती. तेथे स्त्री राहू शकत होती, कमावू शकत होती, म्हातारीही होऊ शकत होती. दोन्ही पद्धतींची किंमत होती. पहिलीत मूल सोडावे लागे. दुसरीत बहुधा जुने नाते आणि जुना धर्म सुटे.

हा शेवटचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. मुक्तिसदनातील वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते, आणि १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर प्रार्थनेला तेथे सर्वव्यापी स्थान आले. अन्नासाठी आलेल्या बालिकेला श्रद्धेची निवड कितपत स्वतंत्रपणे करता येते, हा आक्षेप रास्त आहे. कृपासदन इतर सदनांपासून वेगळे ठेवण्यात आले, यातही त्या काळच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांचा अंश आहेच. नावाचाही विचार करावा. शारदा, मुक्ती, प्रीती ही इतर नावे देणगी सुचवितात. 'कृपा' हा शब्द मात्र अपराध गृहीत धरतो. अत्याचार झालेल्या स्त्रीने क्षमा कशाची मागावयाची? रमाबाईंच्या शब्दकोशात याचे उत्तर नाही, परंतु त्यांच्या व्यवहारात ते आहे. कृपासदनाच्या दारात निर्दोषत्वाचा पुरावा मागितला जात नव्हता.

वाङ्मयीन दृष्ट्या या उत्तरार्धाची एक खंत राहते. नीतीकडून विवेचनाकडे आणि विवेचनाकडून साक्षीकडे असा रमाबाईंच्या गद्याचा प्रवास झाला. परंतु साक्षीचे हे लेखन, म्हणजे दुष्काळाचे वृत्तांत, असोसिएशनला पाठविलेले अहवाल, 'बॉम्बे गार्डियन'मधील पत्र, 'मुक्ती प्रेअर बेल', हे सारे इंग्रजीत झाले. ज्या स्त्रियांची हकिगत त्यात होती त्यांना ते वाचता येण्यासारखे नव्हते, आणि मराठी गद्याला या विषयाची भाषा घडविण्याची संधी मिळाली नाही. देणगीदार परदेशी होते, हे त्याचे व्यावहारिक कारण. मराठी वाचकाने १८९३ नंतर त्यांच्याकडे पाठ फिरविली होती, हे दुसरे.

मराठीकडे त्या वळल्या त्या बायबलच्या भाषांतरासाठी. प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक शिकून, संस्कृतप्रचुर धार्मिक शब्द कटाक्षाने टाळून, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या खेडवळ बाईला उमजेल अशी वाक्ये त्या रचीत गेल्या. त्यांच्या मनासमोरचा वाचक कोण होता, याचा शोध मुक्तीच्या वर्गांतच घ्यावा लागतो. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिने अंध मुलींना ब्रेल शिकविले होते आणि संस्थेची धुरा तीच वाहील असे गृहीत होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. भाषांतर त्यापूर्वी पुरे झाले होते. १९२४ साली ते केडगावच्या छापखान्यात छापून निघाले. खिळे जुळविण्यापासूनची तेथील कामे मुक्तीतील स्त्रिया करीत असत.