व्हीलचेअरला मैदान मिळवून देणारे डॉ. लुडविग गटमन

पाठीचा कणा मोडलेला माणूस फार दिवस जगत नाही, हा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकविश्वात दृढ होता. तो खोटा ठरवून अशा रुग्णांना थेट क्रीडांगणावर उतरविणारे डॉक्टर म्हणजे सर लुडविग गटमन. आज पॅरालिम्पिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडा चळवळीचे ते जनक होत.

गटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. १९१७ साली एका रुग्णालयात सेवक म्हणून काम करीत असताना पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार त्यांनी पाहिला. अवघ्या काही आठवड्यांत जंतुसंसर्गाने त्याचा मृत्यू झाला. तरुण गटमन यांच्या मनावर या घटनेचा खोल ठसा उमटला.

पुढे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी ब्रेस्लाव येथे नावलौकिक मिळविला. मात्र १९३३ मध्ये नाझी राजवट आली आणि ज्यू असल्यामुळे त्यांना आपले पद सोडून तेथील ज्यू रुग्णालयात काम करावे लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले. त्या रात्री आश्रयाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखल करून घेण्याचा आदेश त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोच्या अधिकाऱ्यांसमोर एकेका रुग्णाचे आजार सांगत त्यांनी अनेकांना छळछावणीपासून वाचविले. १९३९ मध्ये ते पत्नी व दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचले.

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी ब्रिटिश सरकारने आयल्सबरीजवळील स्टोक मँडेव्हिल येथे मेरुरज्जू उपचार केंद्र उघडण्याचे ठरविले आणि ते गटमन यांच्याकडे सोपविले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी हे केंद्र सुरू झाले. प्लास्टरमध्ये जखडून ठेवलेल्या रुग्णांना त्यांनी मोकळे केले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. रुग्णांचे प्राण घेणाऱ्या शय्याव्रणांवर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावर हाच प्रभावी उपाय ठरला. अनेकदा ते स्वतः मध्यरात्री वॉर्डात येऊन पाहणी करीत.

परंतु जगलेल्या माणसाने पुढे करायचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी रुग्णालयात सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांसारख्या कामांबरोबरच खेळही सुरू झाले. व्हीलचेअरवर बसलेले काही सैनिक उलट्या धरलेल्या काठ्यांनी चकती टोलवीत असल्याचे त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यातून व्हीलचेअर पोलो आकाराला आला. त्यात धडका फार बसू लागल्या, तेव्हा तो बंद करून बास्केटबॉलसारख्या खेळाला स्थान देण्यात आले. हातांची पकड गेलेल्या रुग्णांच्या हाताला टेबल टेनिसची बॅट पट्टीने बांधण्यात येई. धनुर्विद्येने खांदे व धडाचे स्नायू बळकट होत आणि बसल्याजागी तोल सांभाळता येई. शिवाय या खेळात व्हीलचेअरवरील धनुर्धर चालत्याफिरत्या स्पर्धकाशी बरोबरीने झुंज देऊ शके. माणसाला खेळाच्या साच्यात बसविण्याऐवजी खेळच माणसाला अनुरूप करून घेणे, ही गटमन यांची खरी देणगी होय.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचे उद्‌घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांनी धनुर्विद्येच्या स्पर्धेत भाग घेतला. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धेला आंतरराष्ट्रीय स्वरूप लाभले. १९६० मध्ये रोम येथे २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू एकत्र आले. हीच स्पर्धा पुढे पहिली पॅरालिम्पिक म्हणून मानली गेली. सुरुवातीची अनेक वर्षे या स्पर्धा मेरुरज्जूला इजा झालेल्यांपुरत्याच मर्यादित होत्या. अवयव गमावलेल्या आणि दृष्टिहीन खेळाडूंना त्यांत १९७६ मध्ये टोरांटो येथे स्थान मिळाले.

या चळवळीचा धागा महाराष्ट्रापर्यंतही पोहोचतो. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील स्पर्धेत जलतरणात सुवर्णपदक पटकाविले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते.

गटमन यांना १९६६ मध्ये 'सर' हा किताब, तर १९७६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले. १९८८ मध्ये सोल येथे ऑलिम्पिकच्याच मैदानांवर पॅरालिम्पिक स्पर्धा रंगल्या, त्या पाहण्यास ते हयात नव्हते. तथापि ज्यांच्या जगण्याचीच आशा सोडून देण्यात आली होती, त्यांना स्पर्धक म्हणून उभे करण्याचे त्यांचे कार्य तोवर पुरते रुजले होते.