व्हिन्सेंटला टाइम मशीन मिळालंच नाही

माजरीतून कॉलेजला ये-जा करताना कोळशाची धूळ, डंपरच्या रांगा, खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर तुम्ही रोजच बघता. जगातल्या एका महान चित्रकाराने अशाच गावात चित्रकार व्हायचं ठरवलं, हे माहीत आहे का?

त्याच्यावर एक भन्नाट एपिसोड आहे. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. निळ्या पोलीस बॉक्ससारख्या यानातून तिचा नायक काळात मागे-पुढे फिरतो. ५ जून २०१० च्या भागात तो १८९० मध्ये जाऊन व्हिन्सेंट व्हॅन गॉगला भेटतो आणि त्याला २०१० च्या पॅरिसमधल्या म्युझियममध्ये आणतो. हयातीत ज्याला फारसं कुणी विचारलं नाही, तो आपल्या चित्रांसमोरची गर्दी बघतो, कौतुक ऐकतो आणि रडायला लागतो.

खऱ्या व्हिन्सेंटच्या नशिबात हे नव्हतं.

जन्म ३० मार्च १८५३, हॉलंडमधला. वडील धर्मोपदेशक. सोळाव्या वर्षी चित्रं विकणाऱ्या कंपनीत चिकटला. १८७६ मध्ये ती नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये मास्तरकी, पुस्तकांच्या दुकानात काम, धर्मशास्त्राचा अर्धवट सोडलेला अभ्यास. १८७८ च्या शेवटी तो बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसा पट्ट्यात पोचला. तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर धर्मप्रचारकाचं काम मिळालं. तो मार्कास खाणीत सुमारे ७०० मीटर खोल उतरला. दिव्याच्या उजेडात कोळसा भरणारी पोरं पाहिली. मग स्वतःचे कपडे वाटून टाकले आणि झोपडीत राहायला गेला. वरिष्ठांनी मात्र त्याला नीट बोलता येत नाही म्हणून मुदत वाढवून दिली नाही.

१८८० साल. वय २७. नोकरी नाही, डिग्री नाही, घरचे हैराण. त्याच खाण कामगारांच्या वस्तीत त्याने पेन्सिल हातात घेतली आणि चित्रकार व्हायचं ठरवलं. बर्फातून कामावर निघालेले मजूर, कोळशाची पोती वाहणाऱ्या बाया, हे त्याचे सुरुवातीचे विषय. खर्चाला पैसे धाकटा भाऊ थिओ पाठवायचा.

पुढच्या दहा वर्षांत त्याने आठशेहून जास्त तैलचित्रं काढली. १८८८ मध्ये सूर्यफुलं रंगवली. ‘तारांकित रात्र’ १८८९ मधली, मनोरुग्णालयात असतानाची. आजाराने खचलेल्या व्हिन्सेंटने शेवटी आयुष्य संपवलं. २९ जुलै १८९० ला तो गेला तेव्हा ३७ वर्षांचा होता. सहा महिन्यांच्या आत थिओही गेला.

मागे राहिली थिओची बायको योहाना. वय २८, कडेवर एका वर्षाचं पोर आणि घरात शेकडो चित्रं. तिने ती जपली, प्रदर्शनांना पाठवली, दोघा भावांची पत्रं नीट लावून १९१४ मध्ये छापली. डॉक्टरच्या यानाने व्हिन्सेंटला भविष्यात नेलं ते टीव्हीवर. प्रत्यक्षात त्याची चित्रं आपल्यापर्यंत आणली ती या बाईने.

एपिसोडचा शेवट बघाच. एवढं कौतुक ऐकून गेलेला व्हिन्सेंट आता खूप जगेल, नवी चित्रं काढेल, असं डॉक्टरची साथीदार एमीला वाटतं. पण इतिहास बदलत नाही. कौतुकाने आजार बरा होत नाही, हे मालिका प्रामाणिकपणे सांगते. बदलतं एवढंच, की सूर्यफुलांच्या चित्रावर एमीचं नाव दिसतं. मैत्री वाया गेलेली नसते.

तुमच्यापैकी कुणाची भरती हुकली असेल, कुणाचा निकाल लागला नसेल. पुढे काय होणार, हे २७ वर्षांच्या व्हिन्सेंटलाही ठाऊक नव्हतं. तरी त्याने सुरुवात केली, आणि पाठीशी एक थिओ होता. तुमच्या ग्रुपमध्ये असा कुणी गप्प गप्प झालेला असेल तर आजच त्याच्याकडे जा, बोला, गरज पडली तर डॉक्टरकडे घेऊन जा. त्यासाठी टाइम मशीन लागत नाही.