राजाच्या नावाचा संसार

पुण्यात राहायचं म्हणजे मे महिन्यात घरी पाहुणे असणारच. गावाकडून बहीण तिच्या दोन्ही मुलांना घेऊन आली की आमचा फिरण्याचा बेतही ठरलेला. शनिवारवाडा, सारसबाग, पर्वती आणि एक दिवस केळकर म्युझियम. यंदा रिक्षा बाजीराव रस्त्यावरून नातूबागेकडे वळली तेव्हा दुसरीत गेलेल्या माझ्या भाचीनं पाटी वाचली. राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, की हा राजा कुठला, आणि त्याचा किल्ला आता कुणाकडे आहे?

हसू नका हं. मी लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. कुठल्या तरी संस्थानचा राजा असेल, त्याची तलवार, त्याचं सिंहासन बघायला मिळेल, अशा समजुतीनं मी पहिल्यांदा आत गेले होते. पण नाव जरा नीट वाचा. आधी मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या पटावर लिहितात तसं. राजा हे एका लहान मुलाचं नाव आहे. तो सात वर्षांचा असताना गेला. त्याच्या वडिलांनी पुढचं सगळं आयुष्य खर्चून जे उभं केलं, त्याला स्वतःचं नाव न देता लेकाचं नाव दिलं.

त्या वडिलांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. जन्म 10 जानेवारी 1896 चा. पुणेकर त्यांना काका केळकर म्हणून ओळखायचे. पोटापाण्याला चष्म्यांचा व्यवसाय, आणि मनातून कवी. कविता लिहायचे ते ‘अज्ञातवासी’ या नावानं. म्हणजे तिथंही स्वतःचं नाव मागेच. इतिहासाची आवड होती, जुन्या वस्तूंचा नादही होता. 1920 च्या सुमाराला त्यांनी अशा वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळात पुष्कळ सुशिक्षित घरांतून असा छंद असे. कुणी नाणी जमवायचं, कुणी पोथ्या. नोकरी-धंदा सांभाळून करायची गोष्ट.

मग राजा गेला. एकुलता एक मुलगा.

त्या काळी घरात मूल जाणं ही फार दुर्मिळ गोष्ट नव्हती. आपल्या आजी-पणजीला किती मुलं झाली असं विचारलं की झालेली वेगळी आणि राहिलेली वेगळी, असे दोन आकडे सांगायच्या. बहुतेक घरांत अशा मुलाचा साधा फोटोही नसायचा. त्याचं टोपरं, त्याचं वाळं आई पेटीच्या तळाशी जपून ठेवायची आणि ती गेली की ते कुणाचं होतं हेही घरातले विसरून जायचे. दुःख करायला बाईला निदान माजघर तरी होतं. बापानं काय करायचं? त्यानं चार दिवसांनी दुकान उघडायचं.

काकांनी दुकान उघडलंच असेल, पण त्यांच्या छंदाचं रूप त्यानंतर पालटलं. आता तो फावल्या वेळेचा उद्योग राहिला नाही. जे जमवायचं ते राजासाठी, असं झालं. आणि इथंच मला त्यांचं खरं वेगळेपण वाटतं. मुलाच्या आठवणीत कुणी धर्मशाळा बांधतं, कुणी शाळेला देणगी देतं. काकांनी जमवला तो चक्क संसार. दुसऱ्यांच्या घरातला, रोजच्या वापरातला, हाताळून गुळगुळीत झालेला संसार.

म्युझियममध्ये कधी गेलात तर घाई करू नका. शस्त्रं आहेत, मूर्ती आहेत, वाद्यांचं दालन आहे, पैठणची चित्रं आहेत, गुजरातकडचे कोरीव लाकडी दरवाजे आहेत. ते सगळं बघाच. पण आपल्यासारख्या बायकांचे पाय अडतात ते अडकित्त्यांपाशी. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचं साधन, एवढंच आपल्याला माहीत. इथं एकाला पोपटाचा आकार, एकाला घोड्याचा, एकात नवरा-बायकोची जोडी. सुपारी काय, साध्या सुरीनंही फुटली असती. तरी कुणा कारागिराला वाटलं की रोज हातात घ्यायची वस्तू आहे, तर बघून जीव रमला पाहिजे. पुढं वज्र्या. पाय घासायची वज्री आता कित्येक घरांतल्या मुलींना माहीतही नसेल. टाच घासायची वस्तू ती, न्हाणीघरात पडून राहणारी. तिच्यावर पक्षी बसवलेत, हत्ती उभे केलेत! मग दिवे, समया, लामणदिवे, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, शाईच्या दौती, शेवयांचे साचे. यातलं बरंचसं बायकांच्या हातून वापरलं गेलेलं. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांचं नाव कुठं येत नाही त्यांच्या हातांचा घासा या पितळेवर आहे.

या वस्तू मिळवायला काका देशभर हिंडले. गुजरात, राजस्थान, खाली कर्नाटक, केरळ. जुनी घरं, वाडे, बाजार धुंडाळले. मिळकतीतला पैसा यात गेला, वर्षं गेली. आणि ते योग्य वेळी हिंडले असं म्हणायला हवं, कारण त्याच काळात घराघरांतून हे सगळं बाहेर पडत होतं. वाडे पडत होते, एकत्र कुटुंबं मोडत होती, स्वयंपाकघरात आधी ॲल्युमिनियम आणि नंतर स्टेनलेस स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावं लागत नाही. बाईच्या कंबरेला आराम पडला, त्याबद्दल मी स्टीलला मुळीच नावं ठेवणार नाही. पण तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली ती वजनावर. घडणावळीची किंमत शून्य. भट्टीत गेल्यावर पोपटाचा अडकित्ता काय आणि साधी कढई काय, सारखंच.

खरं सांगते, हा गुन्हा मीही केलाय. सासूबाईंच्या माहेरून आलेला तांब्याचा बंब आमच्या पोटमाळ्यावर होता. गीझर आल्यावर तो अडगळ झाला. दिवाळीच्या साफसफाईत मी तो मोडीत देऊन टाकला आणि आलेल्या पैशात मिक्सर घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी फक्त एवढंच सांगितलं की त्यांच्या पहिल्या बाळंतपणातलं सगळं पाणी त्या बंबात तापलं होतं. मिक्सर चार वर्षांत जळला. बंबाचा साधा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

असो. काकांबद्दल बोलताना कमलाबाईंना विसरून चालणार नाही. काकांच्या पत्नी. या कामात त्यांनी नवऱ्याला आयुष्यभर साथ दिली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि एका वाक्यात ते उरकूनही टाकतात. मी गृहिणी आहे, माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच येतं. 1960 पर्यंत हा संग्रह सुमारे 15,000 वस्तूंवर गेला होता. पंधरा हजार! आपल्या घरी शोकेसमधल्या पंधरा वस्तू पुसायच्या म्हटलं तरी आपण दिवाळीची वाट बघतो. नवरा प्रवासाहून परतला की पिशवीत भाजी-फळांऐवजी एखादी समई, एखादी गंजलेली कडी. त्या बाईचंही लेकरू गेलं होतं. रोज घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू त्याच्याच नावानं येत होती. हे सोसायचं कसं आणि त्यातच आधार शोधायचा कसा, हे तिचं तिनं ठरवलं असेल. नवऱ्याच्या वेडाला नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. ती त्याच्याबरोबर उभी राहिली.

काकांच्या चिकाटीचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे मस्तानी महाल. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला 1734 मध्ये बांधलेल्या वाड्याचे अवशेष त्यांनी इथं आणले आणि म्युझियममध्ये तो महाल पुन्हा उभा केला. कोरलेले खांब, झुंबरं, छत. आमची भाची तिथं मान वर करून किती तरी वेळ उभी होती. ज्या बाईला पुण्यानं हयातीत धड जागा दिली नाही, तिच्या घराचे तुकडे गोळा करून एका बापानं आपल्या मुलाच्या घरात मांडले, हे माझ्या मनात दर वेळी येतं.

शेवटी हा सगळा संग्रह काकांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. विकला असता तर पुढच्या पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. पुणे विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली, म्हणून कागदोपत्री ते डॉक्टर केळकर झाले. 17 एप्रिल 1990 ला, वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले. आज संग्रहात 20,000 च्या वर वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडता येतात. म्हणजे आपण बघतो तो जेमतेम आठवा हिस्सा. बाकीचा संसार अजून बांधून ठेवलेला आहे.

परतीच्या रिक्षात भाची गप्प होती. राजा तिच्याच वयाचा होता हे तिला कळलं होतं. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की तिलाही म्युझियम करायचंय. उन्हाळ्याची दुपार, बाहेर ऊन रणरणतंय, टीव्ही लावण्यापेक्षा हे बरं म्हणून मी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढून दिला. एकच अट घातली. नवीन काही आणायचं नाही, घरात आहे त्यातलंच घ्यायचं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी हवी. वस्तू कुणाची, कुठून आली, तिच्याशी कोण काय करायचं. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, कारण शाई दमट हवेत पसरते.

दोन दिवस मुलं सासूबाईंच्या मागे मागे होती. त्यांच्या पेटीतून एक तुटकं वाळं निघालं, सासऱ्यांच्या चष्म्याची एक काडी निघाली, भरतकामाचा अर्धवट राहिलेला रुमाल निघाला. त्या रुमालाची गोष्ट आम्ही पंचवीस वर्षांत ऐकली नव्हती, ती मुलांना मिळाली. मुलांनी स्वतःच्या पंजाभोवती पेन्सिल फिरवून कागदावर हात काढले आणि खाली तारीख घातली. बहिणीनं आमच्या आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा त्यात घडी करून ठेवला. त्याच लुगड्याची गोधडी भाचीच्या बाळंतविड्यात होती, हे तिला तेव्हा पहिल्यांदा समजलं. पत्र्याच्या डब्याला तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला म्हणजे कसर लागत नाही. एवढाच काय तो खर्च.

नंतर आमच्या बचतगटाच्या बायकांच्या मुलांबरोबर मी हेच करून पाहिलं. वस्तीतली घरं, दहा बाय दहाची. मला धाकधूक होती की आमच्याकडे जुनं काही नाही असं मुलं म्हणतील. पण एकानं आजोबांची हमालीची पट्टी आणली. एकीनं आईचं धुणीभांडी करतानाचं बिलवर आणलं, मध्ये झिजून धाग्यासारखं झालेलं. एक मुलगा काहीच न घेता आला. त्याच्या घरी पुराचं पाणी शिरलं होतं तेव्हा सगळं गेलं होतं. मला काय बोलावं सुचेना. मग त्याला म्हटलं की घरात काय काय होतं त्याचं चित्र काढ. त्यानं चूल काढली, फळी काढली, फळीवरचे डबे काढले, आणि एका डब्यावर डाग दाखवला. तो डबा कुणाचा म्हणून विचारलं तर आजीचा, गुळाचा, एवढंच म्हणाला. ते चित्र आता आमच्या बचतगटाच्या कपाटात आहे.

एक गोष्ट मात्र मनात राहते. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारनं ठरवलं की मुलाच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं. ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी. त्या हिशोबानं नातूबागेतल्या पाटीवर राजा कमला दिनकर केळकर असं वाचायला मिळालं असतं. पाटी कुणी बदलावी असं माझं म्हणणं नाही. मी आपली तिथून जाताना मनातल्या मनात तसं वाचते.

जायच्या दिवशी भाचीनं डब्यावर चिठ्ठी चिकटवली. तिचं नाव, माझ्या बहिणीचं नाव, जावयांचं नाव, आडनाव, आणि पुढं मोठ्या अक्षरात वस्तुसंग्रहालय. डबा एसटीत सामानाच्या फळीवर ठेवायला ती तयार नव्हती. मांडीवर घेऊन बसली.