नाल्याकाठचं वावर आणि वसंतराव नाईक

१ जुलैला कृषिदिन येतो. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात, झाडं लावली जातात. त्याच सुमारास मुदखेड तालुक्यातल्या ओढ्या-नाल्यांना पाणी येतं आणि काठावरच्या वावराच्या दरडी ढासळू लागतात. सातबाऱ्यावर दोन एकर, प्रत्यक्षात दीडच उरली, अशी तक्रार घेऊन शेतकरी कचेऱ्यांचे हेलपाटे घालतो. तो ज्या दारांत जातो त्यातली बरीच दारं नाईकांच्या काळात उघडली. म्हणून त्यांचं चरित्र या अंगाने सांगतो.

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. बंजारा समाजातलं शेतकरी घर. पैनगंगा ओलांडली की पलीकडे तो मुलूख, आपल्याला काही परका नाही. नागपुरात शिकून १९४० मध्ये ते वकील झाले, १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष आणि १९५२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत आमदार. १९५६ मध्ये विदर्भ आणि आपला मराठवाडा एकदमच द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या राज्यात १९५७ पासून नाईक कृषिमंत्री होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठं काम पुढचं. १९६० मध्ये महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरणाच्या समितीचे ते अध्यक्ष झाले. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. नाल्याच्या कामासाठी आज ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत नेता येतो, तो रस्ता या अहवालातून निघाला. आता त्या रस्त्यावर फाईल किती दिवस पडून राहते, हा वेगळा विषय.

५ डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. संकरित ज्वारी, चार कृषी विद्यापीठं (परभणीचं १९७२ मधलं), हे सर्वांना ठाऊक आहे.

१९७२ चा दुष्काळ मात्र नीट समजून घ्यावा लागतो. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामं पुष्कळ निघाली. त्यातून माणसं जगली, पण वावराला त्याचा उपयोग थोडा. त्याच वेळी पाझर तलाव, बंडिंग, नालाबांध ही कामंही झाली आणि मजुरीचा पैसा जमिनीत मुरला. वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यात तासगावकडे करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना नाईकांच्या सरकारने उचलून धरली. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा मजुराचा हक्क झाला. नाईक त्याच वर्षी १८ ऑगस्टला सिंगापूरला वारले.

दुष्काळातल्या त्या कामांत एक उणीव राहिली, ती माझ्या मते आजही आहे. वरचा उतार तसाच ठेवून खाली नालाबांध घातला की तो गाळाने भरतो, पाणी बाजूने वाट काढतं आणि काठ कापतो. काम माथ्यापासून पायथ्याकडे व्हावं लागतं : वर समतल चर आणि ढाळीचे बांध, मधल्या घळीत अनघड दगडांचे बांध, मग नाल्यात गॅबियन. कापलेली थडी सरळ उभी न ठेवता उतार देऊन तिच्यावर बांबू, करंज, निरगुडी, वाळा लावायचा. पोकलेन लावून नाला नुसता खोल केला तर दोन्ही थड्या पुढच्या पुरात आत येतात. नाईकांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते ९३ मध्ये मुख्यमंत्री असताना जलसंधारणाला जोर आला, त्याचं सूत्रही माथा ते पायथा हेच.

एकट्या शेतकऱ्याच्या अर्जाने नाला अडत नाही. वरच्या-खालच्या गटांतल्या सगळ्यांच्या सह्या, गट नंबरसह नकाशा आणि ग्रामसभेत आराखड्यात घेतलेलं काम असेल, तर कृषी किंवा मृद व जलसंधारण विभागाला अंदाजपत्रक करता येतं. गोदावरीचा काठ असेल तर मागणी जलसंपदाकडे करावी लागते.

जमीन वाहून गेल्यावरची मदत निराळी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम सरकारने जाहीर केलं. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो. पाणी ओसरल्याबरोबर, पुन्हा नांगर घालण्याआधी तो करून घ्यावा आणि नाल्याकडची हद्द मोजलेली असेल तर तो नकाशाही सोबत जोडावा.