नावं गिळणारे गोखले

सुप्याहून येणाऱ्या सकाळच्या एसटीत एकच असाइनमेंट पाच जण उतरवून काढतात. सरांनी विचारलं तर खरं बोलायचं की दोस्ती निभवायची? हा पेच गोपाळ कृष्ण गोखल्यांनाही पडला होता.

जन्म १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोतळूक. शाळेतली गोष्ट सगळेच सांगतात: गणित बरोबर आलं म्हणून मास्तरांनी शाबासकी दिली आणि पोरगा रडायला लागला, कारण ते दुसऱ्याच्या मदतीनं सोडवलेलं होतं. पुढे हाच पोरगा फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाला.

खरी परीक्षा १८९७ साली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेत गेले होते. इकडे पुण्यात प्लेग. झडतीच्या वेळी सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं मित्रांकडून आली. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनला सांगून टाकलं. परत आले तर पुरावा द्यायला कुणीच पुढे येईना. रँडच्या खुनानंतर सरकार चवताळलेलं होतं. नावं सांगितली असती तर मित्र भरडले गेले असते. गोखल्यांनी नावं गिळली, पण सिद्ध करता न येणारा आरोपही धरून ठेवला नाही. जाहीर माफी मागितली. लोकांनी भित्रा म्हणून हिणवलं, ते त्यांनी सोसलं. १९०५ साली तेच बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१५ साली गेले.

मित्राला न विकताही खरं बोलता येतं. फक्त बिल आपल्या नावावर फाडावं लागतं, एवढंच!