काचपेटीतील शेजारी : फिलिप हेन्री गॉस

हौसेने घरात रंगीत मासे पाळणारी पुष्कळ कुटुंबे आपल्या मंडळ्यांतून आढळतात. परंतु ज्या काचपेटीत ते मासे पोहतात तिला अक्वेरियम हे नाव ज्यांनी रूढ केले, ते फिलिप हेन्री गॉस हे ब्रदरेन मंडळीत वचनाची सेवा करणारे देवभीरू गृहस्थ होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्यांची ओळख त्यांच्या मुलाच्या एका प्रसिद्ध पुस्तकातून करून घेतलेली असते, आणि त्या पुस्तकातील पिता कठोर आहे. मला ते निराळ्या वाटेने भेटले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या दिवसाच्या वर्णनात शारत्स हे हिब्रू क्रियापद येते. वळवळणे, झुंडींनी वाढणे, गजबजून जाणे या तिन्ही छटा त्यात आहेत, आणि मराठीचे एकच क्रियापद त्या तिन्ही पेलीत नाही. गॉस यांची समुद्रकिनाऱ्यावरची पुस्तके वाचताना तो शब्द प्रथमच मला डोळ्यांनी दिसला.

त्यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवीत गावोगाव हिंडत. घरात पैसा बेताचा. बालपण दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरात गेले. तेथे त्यांच्या एका आत्याने त्यांना समुद्रफुलांची ओळख करून दिली. हा प्राणी खडकाला चिकटून राहतो आणि आपल्या दंशक भुजा पाकळ्यांप्रमाणे पसरतो, म्हणून त्यास हे नाव. सतराव्या वर्षी, म्हणजे १८२७ साली, ते न्यूफाउंडलंडमध्ये एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेले. १८३२ साली दोन गोष्टी घडल्या. सूक्ष्मदर्शकाविषयीचे एक जुने पुस्तक त्यांनी विकत घेतले, आणि बहिणीच्या आजाराच्या बातमीने हादरून ते प्रार्थनेकडे वळले व त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले. त्यानंतर कीटकांचा अभ्यास व वचनाचा अभ्यास ही त्यांच्या लेखी दोन कामे राहिली नाहीत.

पुढची काही वर्षे अपयशाची होती. कॅनडात शेती केली, ती फसली. १८३८ साली अलाबामात शाळामास्तर झाले, पण तेथील गुलामगिरी पाहून मन विटले व वर्षाच्या आत ते निघाले. १८४४ साली जमैकास गेले. तेथे मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या शेजारी राहून दीड वर्ष त्यांनी पक्षी व शंखशिंपले गोळा केले. सॅम्युएल कॅम्पबेल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण त्यांचा साहाय्यक होता, आणि त्याच्या तीक्ष्ण नजरेचे श्रेय गॉस यांनी मोकळेपणाने दिले आहे. त्या काळी सारेच गोरे संग्राहक असे करीत नसत.

१८४८ साली त्यांनी एमिली बोझ यांच्याशी विवाह केला. वधूचे वय बेचाळीस, वराचे अडतीस. दोघेही ब्रदरेन मंडळीचे. एमिलीबाई लहान लहान सुवार्ता-पत्रिका लिहीत. पुढच्या वर्षी एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. १८५२ साली अतिश्रमाने गॉस यांची प्रकृती ढासळली, हवापालटासाठी कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर आले, आणि येथून त्यांच्या आयुष्यातील सुपीक पर्व सुरू झाले.

काचेच्या भांड्यात मासा ठेवणे ही नवी गोष्ट नव्हती. मासा मरे, आणि पाणी रोज बदलावे लागे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडी, मासे तो घेत. तरी काही दिवसांनी पाने कुजू लागली, काचेवर शेवाळ चढले, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडली. ज्या प्राण्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्याच्यावाचून सोनमाशाचे चालत नव्हते!

गॉस यांनी हाच विचार समुद्राच्या पाण्यात नेला. वॉरिंग्टन यांचेही प्रयोग त्याच दिशेने चालले होते, आणि ॲना थिन या विदुषींनी त्याआधी काही वर्षे प्रवाळ घरात जगवले होते. परंतु कोणता जीव कोणाच्या शेजारी राहू शकेल याचे बारीक ज्ञान गॉस यांच्याइतके कोणी दिले नाही. त्यांची पद्धत अशी : आधी केवळ दगड, पाणी व शेवाळ. शेवाळ हिरवे किंवा तांबडे घ्यावे. मोठे तपकिरी शेवाळ दिसायला डौलदार असले तरी ते बुळबुळीत स्राव सोडून पाणी नासवते. ते दगडासकट उपटून आणावे, कारण तोडलेले शेवाळ जगत नाही. मग काही दिवस थांबावे. वनस्पती स्थिरावल्या म्हणजेच प्राणी सोडावेत. तिसरा दिवस आधी, पाचवा नंतर, हा क्रम शास्त्राच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

मासे लहान निवडावेत. गोबी व ब्लेनी या जातींचे मासे खडकांतील डबक्यांत वाढलेले असल्याने कोंडलेल्या जागेत ते तग धरतात. पण खरी कसोटी त्यांच्या सोबत्यांच्या निवडीत लागते. पेरिविंकल ही किनाऱ्यावरची अगदी सामान्य शंखगोगलगाय. तिच्या जिभेवर दातांच्या ओळी असतात, आणि काचेवरचे शेवाळ ती कोयत्याने गवत कापावे तशी कापत जाते. गॉस यांनी तिला भिंगाखाली तासन्‌तास न्याहाळले होते. कोळंबी पारदर्शक व चपळ. उरलेसुरले अन्न ती वेचते. तांबडे समुद्रफूल नवशिक्यालाही जगवता येते. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उचललेले असे एक समुद्रफूल बरणीत १८८७ सालापर्यंत जगले, एवढा हा जीव चिवट आहे. उलट, लांब भुजांच्या समुद्रफुलाजवळ लहान मासा गेला तर डंख बसून तो भक्ष्यच होतो. मोठा खेकडा तर त्या लहान राज्यातला जुलमी राजा. टाकीत एक जरी प्राणी मरून कोपऱ्यात पडून राहिला तरी साऱ्यांचे पाणी विषारी होते, म्हणून रोज मोजदाद करावी, असे ते सांगत.

सर्वांत नवलाची जोडी त्यांना नंतर सापडली. काही खेकड्यांचे पोट मऊ असते, म्हणून ते रिकाम्या शंखात राहतात. त्यांतील एका जातीच्या शंखाभोवती ॲडम्सिया नावाचे समुद्रफूल झग्याप्रमाणे गुंडाळलेले असते. त्याचे तोंड खेकड्याच्या तोंडाखालीच येते, त्यामुळे सांडलेला घास त्यास मिळतो. त्याच्या डंखाच्या भयाने शत्रू खेकड्यापासून दूर राहतो. शंख अपुरा पडून खेकड्याने घर बदलले तर या सोबत्याचे काय होत असेल, हा प्रश्न गॉस यांच्या मनात होता. त्यांनी टाकीत मोठा शंख ठेवला. खेकडा त्यात शिरला, आणि मग आपल्या नांग्यांनी समुद्रफुलाला जुन्या शंखावरून सोडवून, ते चिकटेपर्यंत त्याने नव्या शंखावर दाबून धरले. पुढील संशोधकांनी दाखवले की हे समुद्रफूल स्वतःच शंखाची कडा वाढवीत नेते, त्यामुळे घर बदलण्याची वेळ क्वचितच येते. म्हणजे गॉस यांना दिसलेले दृश्य दुर्मीळ होते, आणि ते पाहण्याचा धीर त्यांच्यापाशी होता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. त्यासाठी गॉस यांनी किनाऱ्यावरून प्राणी पुरवले. १८५४ साली त्यांचे अक्वेरियम हे सचित्र पुस्तक निघाले. नावाचा प्रश्न त्यांनी भाषांतरकाराच्या काळजीने सोडवला आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा जुना अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तो पाणवनस्पतींच्या कुंडासाठी वापरीत. तरी प्रचारातील लांबलचक जोडनावांपेक्षा तो सुटसुटीत, म्हणून त्यांनी तोच उचलला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी मीठ व अन्य तीन क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कृतीही दिली. १८५६ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

याच यशातून एक दुःख निपजले. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती, आणि हाती गॉस यांचे पुस्तक होते. दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची लाटच आली. छिन्नी-हातोडी घेऊन माणसे खडकांवर तुटून पडली. जी डबकी त्यांनी फुलांच्या ताटव्यांसारखी पाहिली होती ती काही वर्षांत ओसाड झाली, आणि घरोघरच्या टाक्यांत ते जीव बहुधा कुजून मेले. कारण पुस्तकातील चित्रे सर्वांनी पाहिली, धीर धरण्याचे पान फारसे कोणी वाचले नाही. आपल्या लेखणीने हे घडले याची त्यांना खंत होती, असे मुलाने नोंदवले आहे. सृष्टी पाहून लोक निर्माणकर्त्याकडे वळतील या हेतूने त्यांनी लिहिले होते. (आजही हे संपलेले नाही. शेवाळ खातो म्हणून टाकीत ठेवलेला सकरमाउथ मासा नकोसा झाल्यावर बाहेर सोडला गेला आणि भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरला. समुद्रघोडे व प्रवाळ यांना २००१ सालापासून आपल्याकडे कायद्याचे संरक्षण द्यावे लागले.)

१८५६ च्या वसंतात एमिलीबाईंच्या स्तनात गाठ आढळली. शस्त्रक्रियेऐवजी एका अमेरिकन डॉक्टरचा लेपाचा उपचार त्यांनी पत्करला. तो अतिशय वेदनादायक ठरला आणि निष्फळही. १० फेब्रुवारी १८५७ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. पतीने त्यांच्या शेवटच्या दिवसांचे स्मरण लिहिले. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन ते सेंट मेरीचर्च या डेव्हनमधील गावी कायमचे राहावयास गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ओम्फॅलॉस हा ग्रंथ काढला. या ग्रीक शब्दाचा अर्थ नाभी. आदाम मातेच्या उदरातून आला नव्हता, तरी पूर्ण पुरुष म्हणून निर्माण होताना त्यास नाभी असणारच. त्याचप्रमाणे खडकांतील जीवाश्म हे कधीही न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा होत. देवाने जग मधल्याच टप्प्यावर निर्माण केले, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांना वाटले, शास्त्र व विज्ञान यांचा तंटा मिटला. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी पाठ फिरवली. त्यांचे मित्र रेव्हरंड चार्ल्स किंग्जली यांनाही हे मानवले नाही. कारण मग देवाने दगडांत असत्य लिहून ठेवले असे म्हणावे लागले असते. मला किंग्जली यांचे म्हणणे पटते. उत्पत्तीचा लेखक पृथ्वीचे वय मोजावयास बसलेला नाही, आणि त्याच्या तोंडी न आलेला प्रश्न त्याला विचारून मिळवलेले उत्तर हे त्याचे उत्तर नव्हे. परंतु ज्या वर्षी हे पुस्तक निघाले ते वर्ष लक्षात ठेवून ते वाचावे. ज्याच्या घरातील दिवा नुकताच विझला आहे असा मनुष्य आपल्या दोन्ही प्रेमांपैकी एकही सोडावयास तयार नव्हता. त्यांच्यावर हसणे सोपे आहे.

डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि निरीक्षक म्हणून ते गॉस यांना मान देत. ब्रिटनच्या समुद्रफुलांवरील त्यांचा ग्रंथ १८६० साली पुरा झाला. त्याच साली त्यांनी एलिझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला, आणि घरात पुन्हा थोडी ऊब आली. गावातील लहान मंडळीची सेवा ते करीत राहिले.

मुलगा एडमंड वडिलांबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहून मोठा झाला. दहा वर्षांचा असताना त्याचा बाप्तिस्मा झाला. बापाची इच्छा तो संतांमध्ये गणला जावा अशी. सतराव्या वर्षी तो लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीस लागला आणि हळूहळू पित्याच्या विश्वासापासून दूर गेला. पत्रांतून बाप त्याच्या आत्म्याची चौकशी करीत राहिला. मुलाला ती चौकशी गुदमरवणारी वाटे. कोणत्या समुद्रफुलाला किती उजेड सोसतो हे ज्यांना अचूक कळे, त्यांना स्वतःच्या मुलाच्या बाबतीत ते कळले नाही, असे मला खेदाने वाटते. मात्र १९०७ साली एडमंड यांनी बापलेकांवर जे पुस्तक लिहिले ते सर्वस्वी विश्वसनीय नाही. ॲन थ्वेट यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात कागदपत्रांवरून दाखवले आहे की हा पिता पुष्कळ अधिक प्रेमळ व हसतमुख होता. दोघांचे पत्रसंबंधही अखेरपर्यंत तुटले नाहीत.

प्रभूचे पुनरागमन आपल्या हयातीत होईल, आपल्याला मरण पाहावे लागणार नाही, अशी गॉस यांची ठाम अपेक्षा होती. वृद्धपणी त्यांना आकाशनिरीक्षणाचा छंद लागला. थंडीच्या रात्री उघड्या खिडकीशी दुर्बीण लावून बसल्याने त्यांना सर्दीचा विकार जडला, तो हटला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे त्यांचे निधन झाले. तोंडाभोवतीचे केस चाकासारखे फिरवणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म पाणजीव त्यांनी तरुणपणापासून पाहिले होते. त्यांवरचा हडसन यांच्यासमवेत लिहिलेला ग्रंथ १८८६ साली निघाला होता. त्याची पुरवणी १८८९ साली, त्यांच्यामागे, छापून झाली.